शंभर मीटर पाणी

गाटून लेक नकाशावर बघितलं की निळं, चहूकडे फाटे फुटलेलं एक छान तळं वाटतं, पण ते तळं नाहीचे, ते बुडवलेलं खोरं आहे. पनामातली चाग्रेस नदी इथून वाहायची, कालव्यासाठी तिच्यावर गाटूनला धरण बांधलं, १९१३-१४ मध्ये पाणी चढत गेलं आणि खोऱ्यातली गावं, रेल्वेची जुनी लाइन, मैलोनमैल जंगल सगळं खाली गेलं. टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले, त्यांची बेटं झाली. बुडालेल्या झाडांचे काळे खुंट अजून पाण्यातून डोकं काढून उभे असतात, शंभर वर्षं उलटून गेली तरी, आणि २०२३ च्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा तर त्यांची फौजच दिसायला लागली.

आता हे खोरं बुडालं म्हणून आमच्यासारख्यांची पोटं भरतात हेही खरं. मी मर्चंट नेव्हीत, बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर. कालव्याची भानगड अशी की जहाज आधी लॉक्समधून, म्हणजे दरवाजे लावून पाणी चढवायच्या हौदांतून, तीन टप्प्यांत २६ मीटर वर उचलायचं, मग या गोड्या पाण्यातून चालवत न्यायचं, मग पलीकडे परत समुद्रात उतरवायचं, थोडक्यात आम्ही जहाज टेकडीवरून नेतो. इतर बंदरांत पायलट सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची, इथे तसं नाही, कालव्यात सगळा ताबाच पायलटचा. त्यामुळे ब्रिजवर आम्ही टेलिग्राफपाशी उभं राहून त्याच्या इंजिन ऑर्डरी पाळायच्या, त्यांच्या नोंदी बेल बुक नावाच्या वहीत करायच्या, आणि मधे वेळ मिळाला की बाहेर बघायचं. कॅरिबियनकडून पॅसिफिककडे निघालात तर स्टारबोर्डला, म्हणजे उजव्या हाताला, एक मोठं गर्द बेट येतं. बारो कोलोराडो. साधारण १५०० हेक्टर. बरीच वर्षं माझ्या लेखी ते रडारवरचं एक ढब्बू इको होतं, बाकी काही नाही.

हे बेट १९२३ मध्ये राखीव झालं आणि १९४६ पासून स्मिथसोनियन संस्थेच्या ताब्यात आहे. जगात उष्ण कटिबंधातल्या ज्या जंगलांचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय त्यात याचा नंबर अगदी वर. तिथल्या ५० हेक्टरांच्या एका तुकड्यात तर झाड न् झाड मोजलेलं आहे. कायद्याने जपलेलं, शिकार नाही, तोड नाही, म्हणजे पक्ष्यांची चंगळ असेल असं कुणालाही वाटेल ना? तर तिथून डझनावारी जातीचे पक्षी नाहीसे झालेत. गोळी कुणी घातली नाही, झाडही कुणी पाडलं नाही, आणि तरी एकेक करून गेले. त्या गेलेल्यांच्या यादीत एक चिमुकला पक्षी आहे ज्याच्यापायी मी हे सगळं लिहायला बसलोय, पांढऱ्या छातीची वूड-रेन.

रेन म्हणजे काय ते आधी सांगतो कारण आपल्या महाराष्ट्रात हा प्रकार बघायला मिळत नाही. जवळपास नव्वद जातींचं हे घराणं, आणि एक सोडून सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. ती एक जी सुटली ती आशिया-युरोपभर पसरली, आपल्या हिमालयातही आहे, पण सह्याद्रीत कुणी नाही. सगळ्या बुटक्या, तपकिरी, शेपटी वर ताठ उभारलेली, आणि आकाराच्या मानाने आवाज इतका मोठा की मालक कोण ते दिसल्यावर विश्वास बसत नाही. ही वूड-रेन तर जेमतेम ११ सेंटीमीटर, त्यात शेपटीचा नुसता तुकडा. पाठ तांबूस-तपकिरी, गालावर काळ्या-पांढऱ्या रेघा, गळा-छाती स्वच्छ पांढरी. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत ओल्या सखल जंगलात राहते आणि राहते ती जमिनीलगत, पडलेल्या फांद्यांच्या पसाऱ्यात, घोट्याच्या ते गुडघ्याच्या उंचीवर. तिचं आयुष्य तेवढ्यातच. वर चाळीस मीटर जंगल उभं असतं त्याच्याशी तिला काही घेणं नाही.

मला ती दिसली ते कंपनीच्या कृपेने. पॅसिफिककडच्या बाल्बोआ बंदरात साइन ऑफ झालं, म्हणजे जहाजावरची पाळी संपली, आणि तिकिटाचा असा काही घोळ घातला गेला (कुणी घातला ते जाऊ दे, पुढचं कॉन्ट्रॅक्ट पण तिथेच करायचंय) की पनामा सिटीत हॉटेलवर बसून राहायची वेळ आली. दोन दिवस मॉल बघून कंटाळा आला. हॉटेलच्या रिसेप्शनवर एका गाइडचं कार्ड होतं, पहाटे पाचला गाडी घेऊन आला, गांबोआ तिथून तासाभराच्या आतच, आणि गांबोआच्या पुढे सोबेरानिया नॅशनल पार्कात तो प्रसिद्ध पाइपलाइन रोड सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात कालव्यावर हल्ला झालाच तर तेल इकडून तिकडे नेता यावं म्हणून पाइपलाइन टाकली होती, तिच्या कडेचा हा कच्चा रस्ता, आता तिथे जगभरातले दुर्बीणवाले येऊन चिखल तुडवतात. त्या जंगलात उभं राहिलं की झाडांच्या पलीकडून कालव्यातल्या जहाजाचा भोंगा ऐकू येतो. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी तो भोंगा चुकीच्या बाजूने ऐकत होतो.

वूड-रेन आधी ऐकूच आली, अर्थात. स्वच्छ, गोल शिट्टीच्या तीन-चार सुरांची एक ओळ, तीच परत, परत, परत, आणि आपल्याला पाठ होतेय असं वाटेस्तोवर अचानक दुसरी ओळ. गाइड म्हणाला खाली बघ. मी वर बघत होतो कारण इतका आवाज वरूनच येणार असं डोकं सांगत होतं. रस्त्यापासून तीन-एक मीटरवर एक कुजलेलं खोड आडवं पडलं होतं, त्याच्या खालून ती बाहेर आली, एक वाळकं पान चोचीने उचलून बाजूला टाकलं, खाली काय होतं ते गिळलं, खोडावर चढली, आणि पूर्ण अंग थरथरवत ती ओळ म्हटली. गळ्याची पांढरी पिसं सुटी सुटी झालेली दिसत होती इतकी जवळ. मग खोडाच्या पलीकडून तिच्या जोडीदाराने उत्तर दिलं आणि ही टुणकन तिकडे. उडाली असं म्हणवत नाही, उडी मारली आणि पंख जरा हलवले एवढंच.

आणि इथेच सगळं प्रकरण आहे. या पक्ष्यांना लांब उडायची वेळच येत नाही. जोडी एकदा जंगलाच्या एका तुकड्यात बसली की बारा महिने तिथेच, थंडीत कुठे जायचं नाही, कारण थंडीच नाही. पंख आखूड, गोल, झुडपांतून सुळकन वळायला उत्तम आणि मोकळ्यावर कुचकामाचे. २००८ मध्ये याच गाटून तळ्यावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी जंगलातल्या वेगवेगळ्या जातींचे पक्षी बोटीतून पाण्यावर नेले, किनाऱ्यापासून ठराविक अंतरावर सोडले आणि ते किनारा गाठतात का ते बघितलं. काही जाती आरामात गेल्या. काहींना शंभर मीटर जमेनात. शंभर मीटर! पडले पाण्यात, त्यांना बोटीवाल्यांनी उचलून घेतलं. आणि ज्या जातींना जमत नव्हतं, साधारण त्याच जाती बेटांवरून जास्त नाहीशा झालेल्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता हिशेब करत बसलो होतो, आमचं जहाजच दोनशे पंचवीस मीटर लांब. म्हणजे बो-पासून ब्रिजपर्यंत चालत जायला मला जेवढा वेळ लागतो त्याच्याही आत संपतील असे पक्षी, आणि त्यांच्या-आमच्यात पाणी ते काय, मी ज्यावर बारा-पंधरा नॉट्सने खुशाल फिरतो तेच.

बेटावर काय झालं असेल ते मग समजतं. खोरं बुडलं तेव्हा माथ्यावर जेवढ्या जोड्या अडकल्या तेवढ्या अडकल्या. १५०० हेक्टर ऐकायला खूप, पण छोट्या संख्येला एखादं वाईट वर्ष पुरतं, कोरड्याचं, अंडी साप किंवा कोआटींनी (लांब नाकाचा तिथला एक सस्तन प्राणी) खाल्ल्याचं. मुख्य जंगलात असं झालं तर शेजारच्या हद्दीतली पोरं मोकळी जागा बघून येतात, बसतात, कुणाला कळत पण नाही. बेटावर येणार कुठून? समोरचं जंगल दिसतंय, तिथे वूड-रेन गाताहेत, आवाज पाण्यावरून कदाचित येतही असेल, पण मधे आमचा चॅनल. एडविन विलिस नावाचा पक्षी-अभ्यासक १९६० च्या दशकात या बेटावर वर्षानुवर्षं राहून मुंग्यांमागे फिरणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी करत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यातली एक जात कमी कमी होत गेली. एकेका पक्ष्याला तो ओळखायचा, पायात रंगीत कड्या घातलेल्या. कसं वाटत असेल काय माहीत. वही तर रोज भरायचीच असणार.

मुंग्यांचं आलंच आहे तर सांगून टाकतो. या जंगलात लष्करी मुंग्यांचे लोंढे निघतात, काही मीटर रुंदीचा काळा गालिचाच सरकतो जमिनीवरून, आणि पुढ्यातले झुरळं, कोळी, रातकिडे जीव घेऊन पळत सुटतात. पक्षी मुंग्या खायला येत नाहीत, पळणारे किडे खायला येतात. त्यात अधूनमधून साँग रेनपण दिसते, ही आपल्या वूड-रेनची जरा मोठी नातेवाईक, १३ सेंटीमीटरची, गळा आणि गाल विटकरी, डोळ्याभोवती उघडी निळसर कातडी. ही कुटुंबकबिला घेऊन जमिनीवर पानं उलथीपालथी करत फिरते, आपल्याकडचे सातभाई फिरतात तशी, नातं मात्र काही नाही. तिचं गाणं फार विचित्र. आधी घशातून बेडकासारखं कुर्र कुर्र, आणि मधेच, काही संबंध नसताना, दोन-तीन शुद्ध शिट्ट्या, एक खालची एक खूप वरची. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं दोन वेगळे प्राणी आहेत.

दोन वेगळे असणं हाही या घराण्याचा खासच विषय आहे. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ रेनमध्ये नर-मादी दोघंही गातात आणि मिसळून गातात. तुम्हाला एक सलग तान ऐकू येते, आणि ती तान अर्धी एका झुडपातून आलेली असते आणि अर्धी दुसऱ्या. मधली फट सेकंदाचा एक बारीकसा अंश, समोर उभं असल्याशिवाय कळणारच नाही. काळ्या पोटाची रेन म्हणून एक आहे, पनामात डेव्हिड लोग या संशोधकाने तिच्यावर काम केलं. नराकडे बऱ्याच ओळी असतात, मादीकडेही असतात, आणि प्रत्येक मादीचं ठरलेलं असतं की त्याने अमुक म्हटली की मी तमुकच म्हणणार. शेजारच्या मादीचं ठरलेलं वेगळं. २००६ मध्ये त्याने हे छापलं तेव्हा या नियमांना कोडच म्हटलंय. इक्वाडोरच्या डोंगरातल्या, बांबूत राहणाऱ्या दुसऱ्या एका रेनवर २०११ मध्ये अजून एक काम आलं, ती सखल जंगलातली नाही पण विषय तोच, त्यात मेंदूतल्या पेशी तपासल्या, तर त्या पक्ष्याच्या स्वतःच्या वाट्याच्या सुरांना जेवढा प्रतिसाद द्यायच्या त्याहून जास्त दोघांच्या मिळून झालेल्या गाण्याला द्यायच्या. म्हणजे एकट्या पक्ष्याच्या डोक्यातसुद्धा गाणं दोघांचंच साठवलेलं.

माझ्या आईवडिलांचं असंच आहे, अण्णा वाक्य सुरू करतात आणि आई संपवते, आणि अण्णांना ते कळतही नाही.

मी आणि बायको मात्र बरीच वर्षं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत काढली. पूर्वी जहाजावरून सॅटेलाइट फोन असायचा, भूस्थिर उपग्रहाचा, आवाज जवळपास ३६,००० किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली येतो, म्हणजे मी बोललेलं तिला पाव सेकंदाने आणि तिचं उत्तर मला अजून पाव सेकंदाने. अर्धा सेकंद फार नाही वाटत. पण भांडण करून बघा एकदा अर्ध्या सेकंदाने. तिला वाटायचं मी विचार करून उत्तर देतोय, म्हणजे काहीतरी लपवतोय. मला वाटायचं ती गप्प बसली, म्हणून मी परत सुरू करायचो, तेवढ्यात तिचं पहिलं उत्तर यायचं, मग दोघंही थांबायचो, मग दोघंही एकदम बोलायचो. कार्डवरचे पैसे संपेपर्यंत. आता इंटरनेट बरं झालंय, व्हिडिओ कॉल धड लागतो, तर हल्ली तिला मीटिंगा असतात. ते एक असो.

त्यामुळे या जोड्यांचं गाणं मी जरा आसुसून ऐकतो हे कबूल. जोडीचं गाणं म्हणजे प्रेमबिम असं सरसकट समजायची गरज नाही, त्यात हद्दीची भांडणं असतात, पहारा असतो, तू कुठे आहेस याची चौकशी असते. बे रेन नावाच्या आणखी एका जातीत तर रेचल लेव्हिन या संशोधिकेने १९९६ मध्ये दाखवलं की सुरुवात मादी करते, हद्द तिची, नर आपला साथीला. पण आपल्या सह्याद्रीतसुद्धा लांब वाकड्या पिवळ्या चोचीचा जो सातभाईंचा भाऊबंद आहे त्याची जोडी अशीच एकमेकांच्या सुरात सूर मिसळते, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना गाडी थांबवली तर ऐकू येते, आणि ते ऐकताना दोन पक्षी आहेत हे सांगावं लागतं.

घरट्यांबद्दल मला जास्त लिहायचंय खरंतर, कारण तिथे ही रेन फारच हुशार निघाली. एकच घरटं बांधून भागत नाही तिचं. अंड्यांचं घरटं वेगळं आणि झोपायचं वेगळं. अंड्यांचं जमिनीला लागून, जाड भिंतींचं, पानांच्या कचऱ्यात असं दडवलेलं की त्यावर पाय पडेल तरी कळणार नाही, तोंड बाजूला. झोपायचं घरटं त्यापेक्षा वर, डोक्याच्या उंचीला किंवा त्याच्याही वर, पातळ, आणि त्याला लपवायचा काही खटाटोप नाही. गाइडने मला एक दाखवलं. बारक्या झाडाच्या बेचक्यात वाळकी पानं, मुळं, शेवाळ अडकून पडल्यागत दिसत होती, वाऱ्याने साठलेला कचरा म्हणून मी पुढे गेलो असतो. त्याने बॅटरीचा प्रकाश मागून धरला तर भिंतीतून उजेड आरपार. एक बोट जाईल एवढं भोक, आतला तळ साफ दाबून गुळगुळीत झालेला, आणि भोकाच्या काठावर एक लहान पांढरं पीस. संध्याकाळी जोडी आणि मोठी झालेली पोरं सगळी या एवढ्याशा जागेत घुसून झोपतात. पोरांना पहिल्यांदा तिथवर आणायचं म्हणजे आईबापांची कसरत असते, पोरांना वर चढता येत नाही, ती मधेच कुठेतरी बसून राहतात, आणि अंधार तर पडत आलेला.

हे सगळं आधी नीट लिहून ठेवलं ते अलेक्झांडर स्कच यांनी. मुळात वनस्पतीशास्त्रज्ञ, १९२८ मध्ये पनामात केळीच्या संशोधनाला आले, खिडकीबाहेर एका हमिंगबर्डने घरटं केलं, आणि केळं राहिलं बाजूला. पुढे कोस्टारिकात १९४१ मध्ये जमीन घेऊन राहिले ते शेवटपर्यंत. त्या काळात पक्षी शिकायचा म्हणजे आधी मारायचा, पोटात कापूस भरायचा आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचा. स्कच यांना ते मान्य नव्हतं, ते तासन्‌तास घरट्यासमोर बसायचे, कोण कधी आलं, काय आणलं, किती वेळ बसलं. मे २००४ मध्ये गेले, शंभरावा वाढदिवस आठवड्यावर होता. मला असल्या माणसांचा हेवा वाटतो. माझा पासपोर्ट भरून तिसरा चालू आहे, पण एका झाडासमोर दिवसभर बसायला सांगितलं तर मी तासाभरात मोबाईल काढीन.

या घराण्यातली सगळ्यात नावाजलेली गायिका मात्र पनामात नाही, ती अॅमेझॉनमध्ये, उइरापुरू. साँग रेनची सख्खी चुलत बहीण. एकदा बॉक्साइट भरायला ब्राझीलच्या पारा राज्यात विला दो कोंदेला गेलो होतो, तिथून बेलेंला जायला मिळालं, व्हेर-ओ-पेसो नावाचा नदीकाठचा प्रचंड बाजार आहे तिथे. मासळी, आसाई नावाची जांभळी फळं, आणि एका बाजूला जडीबुटीवाल्या बायकांच्या टपऱ्या, छपराला बाटल्या लटकलेल्या, प्रेम जमवायची बाटली, धंदा वाढायची बाटली. तिकडे जुनी समजूत की उइरापुरू गायला लागली की रानातले बाकी सगळे पक्षी गप्प होऊन ऐकतात, आणि म्हणून वाळवलेली उइरापुरू जवळ ठेवली की माणसंही तशीच तुमच्याकडे ओढली जातात. पूर्वी असे मेलेले पक्षी ताईत म्हणून सर्रास विकले जायचे, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ती उइरापुरू नसायचीच, मॅनाकिन नावाचा भलताच रंगीत पक्षी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. ज्याचं गाणं कुणी ऐकलेलं नाही असा पक्षी गाण्याच्या जादूसाठी विकायचा. १९६७ च्या कायद्याने ब्राझीलमध्ये रानपक्ष्यांच्या शिकारीला आणि विक्रीला बंदी आली.

व्हिला-लोबोस या ब्राझिलियन संगीतकाराने १९१७ ही तारीख घातलेली एक मोठी ऑर्केस्ट्राची रचना याच पक्ष्याच्या नावाने केली, ती प्रत्यक्ष वाजली १९३५ मध्ये, ब्यूनोस आयर्सला. आणि २०१२ मध्ये एमिली डूलिटल ही संगीतकार आणि हेन्रिक ब्रूम हा पक्षी-शास्त्रज्ञ दोघांनी मिळून उइरापुरूचे सूर मोजले, तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हा पक्षी षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम, सप्तक असल्या आपल्या कानाला गोड लागणाऱ्या अंतरांवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा उडी मारतो. म्हणून आपल्याला ते माणसाने रचल्यासारखं वाटतं. यावरून पक्ष्याला राग-बिग कळतो असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. कळत नसूनही ते तसं निघतं, यात मला जास्त मजा वाटते.

परत पनामाकडे. या देशाची रुंदी कालव्यापाशी ८० किलोमीटर, आणि तेवढ्यात पाऊस केवढा बदलतो, कॅरिबियन बाजूला कोलोनला तीन हजार मिलीमीटरच्या वर, पॅसिफिक बाजूला पनामा सिटीत दोन हजारांच्या आत. आम्हा गुहागरकडच्यांना तीन हजार म्हणजे घरचंच, आणि चिपळूणहून कराडला गेलं की पाऊस कसा गुंडाळला जातो तेही माहीत. साँग रेन ओल्या बाजूला खुशाल असते आणि कोरड्या टोकाला तिची तब्येत ढासळलेली असते असं रक्त तपासून बघितलेलं आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा मोसम, पानं कडक वाजतात, त्याखालचे किडे खोल जातात किंवा मरतात. म्हणजे हिच्यासाठी पाणी दोन्हीकडून मारतं, तळ्यात असलं तर पलीकडे जाता येत नाही आणि जमिनीत नसलं तर खायला मिळत नाही.

कालव्यालाही तीच अडचण आहे, ही गंमत कुणी फारशी सांगत नाही. प्रत्येक जहाज पार करायला तळ्यातलं गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. २०२३ मध्ये पाऊस दगा देऊन गेला तर रोज छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं कालवा प्राधिकरणाला बरीच कमी करावी लागली, बाहेर रांगा लागल्या, आम्ही पण त्या रांगेत नांगर टाकून बसलो होतो, चीफ कुक गोव्याचा, तो रोज विचारायचा, "सेकंड साहेब, भाजी किती दिवस पुरवू?" त्यावर उपाय म्हणून आता शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर अजून एक धरण घालून अजून एक तळं करायचं चाललंय. दोनेक हजार लोकांना उठवावं लागेल, त्यांचा विरोध आहे. कोयना ज्यांनी बघितलीय त्यांना यातली पुढची पानं वाचायची गरज नाही. माणसं निदान मोर्चा काढतात. टेकडीच्या माथ्यावर अडकणाऱ्या जोड्यांची मोजदाद एखाद्या रिपोर्टच्या परिशिष्टात असेल, असली तर.

मी धरणाच्या विरोधात आहे असं म्हणायची माझी सोय नाही. पाणी नाही तर जहाज नाही, जहाज नाही तर घराचा हप्ता नाही. तरी तो चॅनल ओलांडताना आता रडारवरच्या त्या इकोकडे बघून डोक्यात येतंच की आमच्यासाठी हा शॉर्टकट, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालायचे हजारो मैल वाचवणारा, आणि तेच पाणी कुणासाठी तरी जगाचं टोक. पायलटला सांगितलं होतं एकदा हे, वेळ जावा म्हणून. तो म्हणाला त्या बेटावर डास फार आहेत.

सगळ्याच रेन अशा नाजूक नसतात हेही लिहायला हवं नाहीतर उगाच रडगाणं होईल. गांबोआत जंगलातून बाहेर पडून आम्ही एका टपरीवर एम्पनाडा खायला थांबलो तर समोर ओढ्याकाठच्या हेलिकोनियांच्या गर्दीत बे रेन होती. काळी टोपी, गालावर पांढरं, पाठ भडक तांबडी, आणि आवाज इतका दणदणीत की गाइड काहीतरी सांगत होता ते मला ऐकू येईना. हिला जुनं दाट रान लागत नाही, ओढा हवा, झुडपं हवीत, बस, माणसाने जंगल कापून जे कडेकडेचं रान मोकळं केलं त्यात तिचं बरंच चाललंय. मादीने सुरुवात केली, नर मागून धावत आल्यासारखा साथीला लागला, मग ती थांबली तरी हा चालूच, मग तिने परत वरून सुरू केलं. तेवढ्यात एजंटचा फोन, तिकीट आलंय, रात्रीची फ्लाइट, चारला गाडी पाठवतो. मी त्याला म्हटलं जरा मोठ्याने बोल. तो म्हणाला, तू बाजारात आहेस का?